चिकूला दूध पाजू नका

वाचकाचं पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो. मेच्या मध्यावर आमच्या सोसायटीत पावसाळ्याआधीची झाडछाटणी झाली. त्या संध्याकाळी लेक (आता सहावीत जाईल) खेळून आला तो ओंजळीत खारीचं पिल्लू घेऊनच. डोळे मिटलेले, अंगावर विरळ लव, पाठीवरचे पट्टे मात्र ठळक. फांद्यांच्या ढिगाजवळ पडलं होतं, वर कावळे बसले होते. आई काही दिसली नाही म्हणून घरी ठेवून घेतलं. बुटाच्या खोक्यात कापूस घातला. गाईचं दूध, त्यात थोडं पाणी आणि चिमूटभर साखर, असं कोमट करून ड्रॉपरने पाजतो. तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं घेतलं की छान पितं. आठवड्याभरात डोळे उघडले, तेव्हापासून दुधात भिजवलेलं बिस्किट आणि शेंगदाण्याचं कूटही देतो. लेकाने नाव ठेवलंय चिकू.

आज सतरा दिवस झाले. चार दिवसांपासून चिकूचं पोट फुगलंय आणि शी पातळ, पिवळी होते. परवापासून श्वास घेताना टिकटिक आवाज येतो. कालपासून मागचे पाय ओढत चालतोय. मागच्या आठवड्यात लेकाच्या खांद्यावरून फरशीवर पडला होता, पण लगेच उठून पळाला. सासूबाई पोटावर हिंगाचा लेप लावतात, पायांना खोबरेल तेल चोळतात. जवळच्या डॉक्टरांनी ‘आम्ही कुत्री-मांजरंच बघतो’ म्हणून परत पाठवलं. मिस्टर म्हणतात, तळजाईच्या टेकडीवर सोडून येऊ, निसर्ग बघून घेईल. परवा चिकू लेकाला चावला, थोडं रक्त आलं. इंजेक्शन घ्यायला हवं का? चिकू वाचेल का? खायला काय देऊ? आणि बरा झाला तर ठेवून घेता येईल का? लेकाचा फार जीव आहे त्याच्यावर.

– कर्वेनगरची एक आई

उत्तर:

तुमचं पत्र रात्री साडेनऊला वाचलं आणि लगेच दोन ओळींचा निरोप पाठवला होता. तोच आता सविस्तर लिहिते. कारण दर वर्षी मे-जूनमध्ये असं एखादं खोकं माझ्याही दारात येतं, आणि सोबत याच चुका येतात. मी पशुवैद्य नाही. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. पण या खोक्यांनी मला बरंच शिकवलंय.

आधी श्वासाचं बोलू, कारण बाकी सगळं एखादा दिवस थांबेल, हे थांबणार नाही. चिकू उताणा पितो असं तुम्ही लिहिलंय. माणसाच्या बाळाची सवय आपल्या हातात इतकी मुरलेली असते की एवढासा जीव हातात आला की तो आपोआप उताणाच घेतला जातो. खारीचं पिल्लू आईला पितं ते पालथं, पोटावर पडून. उताणं धरून ड्रॉपर दाबला की दुधाचा थेंब घशाऐवजी श्वासनळीत शिरतो. त्यात ड्रॉपरची धार आपल्या हातात राहत नाही. दाबलं की एकदम भसकन येतं. नाकातून दुधाचा बुडबुडा आला होता का कधी? पाजताना ‘फिस्स’ करून शिंकला होता का? आला असेलच. दूध फुफ्फुसात उतरलं की एक-दोन दिवसांत ही टिकटिक सुरू होते. कानाशी धरलं तर मनगटी घड्याळ ऐकल्यासारखं वाटतं. हा न्यूमोनिया असू शकतो आणि त्याला औषध लागतं. घरातलं सर्दीचं सिरप नव्हे, वाफ नव्हे, निलगिरीचा थेंब तर मुळीच नव्हे. जेमतेम तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाला औषधाचा डोस वजनावर काढून द्यावा लागतो, आणि ते काम वन्यप्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांचं.

म्हणून पहिली गोष्ट: आज रात्रीपासून दूध बंद. बिस्किट बंद, कूट बंद. हे वाचून घरात काय होईल ते मला दिसतंय. सासूबाई म्हणतील, अगं उपाशी मारतेस का त्याला. त्यांना सांगा, फुगलेल्या पोटात आणखी दूध ओतलं तर नक्की मरेल. उपाशी राहून एका रात्रीत मरणार नाही. फक्त अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही.

त्यासाठी ओआरएस. औषधाच्या दुकानात मिळतं ते साधं पाकीट, एक लिटरवालं असेल तर पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट. अर्ध्या पेल्यात अंदाजाने चमचाभर टाकायचं नाही. दाट झालेलं ओआरएस अंगातलं पाणी उलट ओढून घेतं. त्यातलं थोडं वाटीत घ्या, वाटी गरम पाण्याच्या भांड्यात धरून कोमट करा. आतल्या मनगटावर थेंब टाकला तर गरमही लागू नये, गारही लागू नये. ड्रॉपर फेकून द्या. एक मिलिची, सुई नसलेली सिरिंज आणा. चिकूला मऊ कापडात सैल गुंडाळून तळहातावर पालथा किंवा उभा धरा, डोकं किंचित वर. सिरिंजचं टोक ओठांच्या कडेला टेकवा आणि एकच थेंब काढा. त्याने चाटला की दुसरा. चाटत नसेल तर थांबा. तोंडात पिचकारी मारायची नाही. नाकात थेंब गेला असं वाटलं तर लगेच डोकं खाली करून नाक कापडाने टिपा. श्वास फारच लागलेला असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर ओआरएससुद्धा देऊ नका. ऊब द्या आणि निघा.

ऊब हा शब्द मी आधी लिहायला हवा होता. पिल्लू गार असेल तर त्याला काहीही पाजायचं नाही, थेंबभर पाणीसुद्धा नाही. गार अंगात आतडी चालत नाहीत. आत गेलेलं पचत नाही, नुसतं आंबतं आणि पोट फुगतं. माझ्या हातून गेलेलं पहिलं पिल्लू असंच गेलं. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. वळवाचा पाऊस पडून गेलेला, नारळाच्या झावळीबरोबर पिल्लू खाली आलेलं, ओलंचिंब. मी काय केलं? धावत जाऊन दूध गरम केलं आणि शाईच्या ड्रॉपरने पाजलं. भुकेलं असेल म्हणून पोटभर. तिसऱ्या दिवशी सकाळी खोक्यात ते दगडासारखं कडक झालेलं होतं, पोट ढोलकीसारखं. त्या वेळी मला वाटलं, नशिबात नव्हतं. पुढे वाचत गेले, जाणत्यांना विचारत गेले, तेव्हा कळलं की त्यात नशिबाचा काही संबंध नव्हता, ते माझ्या दुधाने गेलं.

तर ऊब अशी द्यायची: खोक्यातला कापूस काढा. त्याचे धागे नखांत, बोटांत अडकतात, नाकातोंडात जातात. टॉवेलही नको, त्याच्या फासांत नखं गुंततात. जुना, धुऊन मऊ झालेला टी-शर्ट घाला. सुती मोजा घ्या, त्यात कोरडे तांदूळ भरून गाठ मारा आणि मायक्रोवेव्हमध्ये किंवा तव्यावर परतत गरम करा. मायक्रोवेव्ह नसेल तर प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून तिला मोजा चढवा. हे खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायचं. दुसरी बाजू मोकळी, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येतं. पण चिकूचे मागचे पाय चालत नाहीत, तेव्हा तुम्हीच दर अर्ध्या तासाने हात लावून बघा. दिव्याचा पिवळा बल्ब वरून लावून ठेवतात बरेच जण. त्याने अंग सुकतं आणि कधी भाजतं. तो नको. खोक्याला पेनाने भोकं पाडा, झाकण लावा, आणि घरातल्या सगळ्यात शांत कोपऱ्यात ठेवा. टीव्ही नाही, शेजारची मुलं नाहीत, फोटो नाहीत.

आता पोट. खारीच्या आईचं दूध गाईच्या दुधापेक्षा पुष्कळ दाट असतं. स्निग्धांश जास्त, दुधातली साखर कमी. गाईच्या दुधात ती साखर भरपूर, वर तुम्ही आणखी चिमूटभर घातलीत, आणि पाणी घालून जे थोडं पोषण होतं तेही पातळ केलंत. न पचलेली साखर आतड्यात आंबली की वायू होतो, जुलाब होतात. चिकूची पिवळी शी त्याचीच. हिंगाचा लेप लगेच पुसून टाका. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसा, मग कोरडं करा. त्याला आंघोळ घालू नका. खार स्वतःला चाटून साफ करते, म्हणजे पोटावर जे लावाल ते शेवटी पोटातच जाणार. सासूबाईंच्या मायेबद्दल मला शंका नाही. आपल्याकडे पोटशूळ म्हटलं की हिंग, आणि पाय अशक्त म्हटलं की मालिश, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण खोबरेल तेल लागलं की लव चिकटते, केसांमधली हवा जाते आणि अंग गार पडतं. मालिश का नको, ते पुढे सांगते.

मागच्या पायांचं दुखणं मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं. त्याची दोन कारणं संभवतात, आणि पत्रातून कोणी ठामपणे सांगू शकणार नाही. एक म्हणजे ती पडझड. झाडावरून पडला तेव्हा पाठीला मार बसला असता तर पाय पहिल्या दिवसापासून ओढला असता. खांद्यावरून पडल्यावरही तो पळाला. तरी बारीक तडा असेल आणि आता तो सरकला असेल, हे नाकारता येत नाही.

दुसरं कारण खाण्याचं, आणि माझा संशय त्याच्यावर जास्त आहे. शेंगदाण्यात कॅल्शियमच्या सुमारे चौपट फॉस्फरस असतं. वाढत्या पिल्लाला याच्या उलट हवं: कॅल्शियम जास्त, फॉस्फरस कमी. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून उपसतं. हाडं मऊ होतात, वाकतात, अगदी छोट्या उडीतही मोडतात. मागचे पाय लुळे पडणं हे त्याचं ठरलेलं लक्षण. पुढे अंग थरथरतं, झटके येतात. त्यात घरातल्या पिल्लाला ऊन मिळत नाही, आणि उन्हाशिवाय ड जीवनसत्त्व नाही, ते नाही तर खाल्लेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. पाळलेल्या खारी अशाच जातात. लाडाने दाणे खाऊन खाऊन. बाहेर बागेतल्या खारीला दाणा टाकला तर एवढं बिघडत नाही, कारण ती दिवसभर कोवळे कोंब, फुलं, साल, किडे, फळं असं सतरा ठिकाणी तोंड घालत असते.

आता मालिशचं. कारण पहिलं असो की दुसरं, अशा पायांना चोळणं म्हणजे आधीच तडकलेली काडी चोळण्यासारखं आहे. त्याला उचलायचं तेसुद्धा पूर्ण अंगाखाली तळहात सरकवून. मानेला किंवा शेपटीला धरून कधीच नाही. शेपटीची तर कातडीच हातात येते. एक्स-रे काढला की यातलं काय आहे ते कळेल. दुसरं कारण निघालं आणि वेळेवर उपचार सुरू झाले तर पाय परत येऊ शकतात. घरातलं कॅल्शियमचं सिरप मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका. फुगलेल्या पोटात आणि टिकटिकणाऱ्या छातीत आणखी एक द्रव ढकलायचा नाही, एवढंच आत्ता लक्षात ठेवा.

वाचेल का, असं विचारलंत. खरं सांगायचं तर तीनही तक्रारी एकाच वेळी असलेल्या पिल्लाची बाजू अवघड असते. पण तो अजून चावतोय, म्हणजे त्याच्यात अजून धुगधुगी आहे. सुस्त पडलेलं पिल्लू चावत नाही.

चावण्याचं इथेच उरकते. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. परवाची असली तरी आज पुन्हा स्वच्छ करा. खारी, उंदरांसारख्या छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्यांपासून माणसाला रेबीज होण्याची शक्यता जवळजवळ नसते. तरी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताची लस शेवटची कधी झाली ते ते विचारतील, आणि काय द्यायचं ते ठरवतील. हाताळल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. चिकूचे पापे घेणं बंद. (पत्रात हे नाही, पण सहावीतला मुलगा आहे, मला माहितीये.)

उद्या सकाळची वाट बघायची असेल तर एवढंच: वन विभागाचा टोल-फ्री क्रमांक १९२६ आत्ताच लावा आणि नोंद करा. पुण्यात बावधनला वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे. ‘रेस्क्यू’ ही संस्था वन विभागाबरोबर ते चालवते. खारीची पिल्लं तिथे नवीन नाहीत. योग्य दूध, योग्य सिरिंज, एक्स-रे, आणि मुख्य म्हणजे रात्री दर दोन-तीन तासांनी उठणारी माणसं तिथे आहेत. कर्वेनगरहून चांदणी चौकापर्यंतची वाहतूक मी तुम्हाला सांगायला नको. सकाळी लवकर निघा. खोकं मांडीवर घ्या, एसी बंद ठेवा, तांदळाचा मोजा निघताना पुन्हा गरम करून घ्या.

‘आम्ही सतरा दिवस घरात ठेवलं, आता आमच्यावरच केस होईल का’ या भीतीने बरेच लोक जात नाहीत. खार हा वन्यजीव आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिला घरात पाळता येत नाही, हे खरं. पण जखमी जीव आणून सुपूर्द करणाऱ्याला तिथे कोणी दरडावत नाही. खोटं मात्र बोलू नका. ‘आत्ताच सापडलं’ असं सांगितलंत तर डॉक्टर दुसऱ्याच दिशेने विचार करतील. गाईचं दूध, साखर, कूट, हिंग, तेल, सगळं सांगा.

म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आलंच. ठेवून घेता येणार नाही, आणि कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. एकट्या, माणसांत वाढलेल्या खारीला मांजराची भीती कळत नाही. खाली मांजर दिसलं की बाहेरची खार फांदीवर शेपटी झटके देत ‘चिक् चिक् चिक्’ करून सगळी आळी डोक्यावर घेते. ते ती दुसऱ्या खारींकडून शिकते, तुमच्या सोफ्यावर नाही. मोठी झाल्यावर, सात-आठ महिन्यांची, तिला वेगळंच वारं लागतं. मग ती चावते, पडदे फाडते, आणि ज्या लेकाने नाव ठेवलं तोच ‘आई, तिला पिंजऱ्यात ठेव ना’ म्हणतो. केंद्रात शक्य असेल तर तिला इतर पिल्लांबरोबर वाढवतात, मग बाहेरच्या मोठ्या पिंजऱ्यात सरावाला ठेवतात आणि स्वतःचं स्वतः खाता येऊ लागलं की सोडतात.

तळजाईचं मिस्टरांना वेगळं सांगा. महिन्याभराचं, पाय ओढणारं पिल्लू टेकडीवर ठेवणं म्हणजे शिक्र्याला, मुंगसाला आणि भटक्या मांजरांना ताट वाढून येणं. निसर्ग बघून घेईल खरा, पण कसा, ते बघायला आपण तिथे थांबत नाही. धडधाकट मोठी खारसुद्धा अनोळखी जागी सोडली तर तिला ना घरटं माहीत असतं, ना पाणी, आणि तिथल्या खारी तिला टिकू देत नाहीत.

आता थोडं मागे जाते, तुमच्यासाठी नव्हे, पुढच्या खोक्यांसाठी. ज्यांना आज, या आठवड्यात पिल्लू सापडेल त्यांनी पहिले दोन तास काय करायचं? पिल्लू गार नसेल, रक्त नसेल, मांजराच्या तोंडातून आलं नसेल, तर ते आईला परत द्यायचा प्रयत्न करायचा. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. खरं नाही ते. चार वर्षांपूर्वी आमच्या बेडरूमच्या एसीच्या बाहेरच्या खोक्यामागे खारीने घरटं केलं होतं. आमचं दारातलं काथ्याचं पायपुसणं महिनाभर रोज थोडं थोडं कमी होत होतं, आणि फरशी पुसायच्या मॉपचे धागेही, तेव्हा कळायला हवं होतं. एक दिवस एसीवाला आला आणि घरटं अख्खं खाली आलं. तीन पिल्लं, माझ्या अंगठ्याएवढी. मी गरम मोजा ठेवलेल्या उघड्या टोपलीत ती ठेवली, टोपली त्याच खिडकीच्या गजाला बांधली आणि पडद्यामागे स्टूल घेऊन बसले. पाऊण तासाने ती आली. टोपलीच्या काठावरून दोनदा खाली डोकावली, परत गेली, परत आली. मग एका पिल्लाला तोंडाने उलटवून पोटाच्या कातडीला धरलं. पिल्लाने झटक्यात अंग मुडपलं आणि आईच्या मानेभोवती मफलरसारखं गुंडाळून घेतलं. तशी ती पाइपवरून वर गेली. नऊ-दहा मिनिटांनी दुसऱ्याला नेलं. तिसऱ्याला न्यायला बराच वेळ लावला, मी तोवर दोन वेळा उठता उठता बसले. खारींची एकाहून जास्त घरटी असतात, म्हणून एक मोडलं तरी त्यांचं काम अडत नाही.

हे करायचं ते उजेडात. खार दिवसा हिंडणारी आहे. अंधार पडल्यावर ती येत नाही, मांजर आणि घुबड येतात. संध्याकाळपर्यंत आई आली नाही तर पिल्लू आत घ्यायचं, ऊब द्यायची आणि १९२६ लावायचा. मांजराने धरलेलं पिल्लू असेल तर वाट न बघता थेट डॉक्टरांकडे, अंगावर जखम दिसो वा न दिसो. मांजराचा दात सुईसारखा जातो, भोक बुजतं आणि आत जंतुसंसर्ग पसरतो. डोळे मिटलेल्या पिल्लाला आपण होऊन शू करता येत नाही. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने पाजण्याआधी आणि नंतर शेपटीखाली हलके टिपत राहायचं, आई जिभेने करते तसं. हे माहीत नसल्यामुळे पोट भरलेली पिल्लं मूत्राशय तटतटून मेलेली मी पाहिली आहेत. दूध देण्याची पाळी आलीच, म्हणजे केंद्रापर्यंत पोचायला खरोखर एक-दोन दिवस लागणार असतील, तर कुत्र्याच्या पिल्लांसाठीची दूधपावडर पेट शॉपमध्ये मिळते, ती. एका वेळी वजनाच्या विसाव्या हिश्शाएवढंच. वीस ग्रॅमच्या पिल्लाला एक मिलि. पोट भरलेलं दिसावं, टणक लागू नये.

आणि छाटणी. झाड तोडायला किंवा छाटायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तसा १९७५ चा कायदाच आहे. परवानगीच्या कागदाकडे निदान बघितलं तरी जातं, फांदीवरच्या घरट्याकडे कोणी बघत नाही. आमच्या सोसायटीत मी दोन वर्षं भांडले, मग मिटिंगमध्ये भांडणं सोडलं आणि छाटणीच्या आदल्या दिवशी खोडाला पाटी लावली: ‘वरच्या दुसऱ्या फांदीवर बाळंतीण आहे. ती फांदी सोडून बाकी कापावे. बाळंतिणीस त्रास झाल्यास तिसऱ्या मजल्यावरील बाई खाली येतील.’ छाटणारा माणूस वाचून हसला आणि ती फांदी ठेवली. खारीला एका वेळी दोन-तीन तरी पिल्लं होतात. तुमच्या सोसायटीत त्या दिवशी कापलेल्या ढिगात चिकूची भावंडं कोणी शोधली का, हा प्रश्न आता विचारून उपयोग नाही. पुढच्या वर्षी आधी विचारा.

लेकाचं मात्र मनावर घ्या. त्याला झोपेत ठेवून पहाटे खोकं घेऊन जाऊ नका. तो बरोबर आला पाहिजे. ‘तुझ्यामुळे आजारी पडला’ असं कोणी म्हणायचं नाही. दूध तुम्ही मोठ्यांनी पाजलंत, आणि कावळ्यांच्या तोंडून त्याने वाचवलं नसतं तर हे पत्रच आलं नसतं. ‘डॉक्टर बरं करून परत देतील’ असंही सांगू नका. बरा झाला तरी परत यायचा नाही, आणि कदाचित बरा होणारही नाही, हे त्याला आज रात्रीच सांगा. अकरा वर्षांच्या मुलाला ते कळतं. आपल्यालाच सांगायला जड जातं.

त्याला एक काम द्या. वहीच्या कागदावर त्याने लिहायचं: पिल्लू कोणत्या तारखेला, कोणत्या झाडाखाली सापडलं, डोळे कधी उघडले, रोज काय काय आणि किती वेळा दिलं, कधी पडलं, टिकटिक कधीपासून, पाय कधीपासून. केंद्रात हेच विचारतात, आणि घाबरलेले आईबाप निम्मं विसरतात. झाड नीट लिहायचं, कारण सोडायची वेळ आली तर सापडल्या जागेची माहिती उपयोगी पडते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवून काटा शून्य करायचा, चिकूला वाटीत ठेवायचं आणि आकडा कागदावर सगळ्यात वर लिहायचा. निघताना घ्या वजन. आज रात्रीचं नको.